विसंबण्याजोगा डिजिटल तापमापक: मायक्रोकंट्रोलर आणि सेन्सरपासून तपासलेल्या आकड्यापर्यंत

मायक्रोकंट्रोलरला (एकाच चिपवरच्या छोट्या संगणकाला) तापमानाचा सेन्सर जोडून छोट्या पडद्यावर अंश सेल्सिअसमध्ये आकडा दाखवणे, हे इलेक्ट्रॉनिक्सची थोडीफार ओळख असलेल्या कोणालाही एका बैठकीत जमण्यासारखे काम आहे. त्या आकड्यावर कितपत विसंबावे हे ठरवायला मात्र त्याहून बराच जास्त वेळ लागतो. पडद्यावर २७.३१ असे उमटले की दशांशचिन्हापुढचे दोन अंक पाहून मापन फार काटेकोर झाल्याचा समज होतो. पण सेन्सरच्याच मापनात अर्ध्या अंशाची चूक संभवत असेल, तर त्यातला शेवटचा अंक निरर्थक असतो आणि त्याच्या आधीच्या अंकावरही पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. म्हणून जोडणी आणि प्रोग्राम यांची माहिती पुढे सविस्तर दिली असली, तरी सेन्सर कुठे ठेवावा आणि त्याचा आकडा कसा तपासून घ्यावा यालाही तितकेच महत्त्व दिले आहे.

येथे वर्णन केलेला तापमापक खोलीतील हवा, पाण्याची टाकी, रोपवाटिका, शीतकपाट अशा ठिकाणी उपयोगी पडेल. माणसाच्या अंगातला ताप मोजून त्यावर औषधोपचाराचा निर्णय घेण्यासाठी तो वापरू नये. त्या कामासाठी प्रमाणित वैद्यकीय तापमापकच हवा.

कोणता सेन्सर घ्यावा

हौशी कामात तीन प्रकारचे सेन्सर प्रामुख्याने वापरले जातात. पहिला थर्मिस्टर. तापमान वाढले की याचा रोध कमी होतो. २५ अंशाला १० किलोओहम रोध असणारा थर्मिस्टर सर्वांत जास्त आढळतो. तो आकाराने लहान असतो आणि तापमानातल्या बदलाला चटकन प्रतिसाद देतो, परंतु रोध आणि तापमान यांचे नाते सरळ रेषेचे नसल्यामुळे लॉगरिदम असलेले सूत्र वापरावे लागते आणि त्या सूत्रातला बीटा हा स्थिरांक आपल्या हातातल्या थर्मिस्टरचाच आहे याची खात्री करून घ्यावी लागते.

दुसरा एलएम३५. हा दर अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे २५ अंशाला २५० मिलिव्होल्ट. गणित इतके सोपे असल्यामुळे नवशिक्यांच्या पहिल्या प्रयोगात बहुधा हाच असतो. मात्र येथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. आर्डुइनो उनो या तयार बोर्डावरच्या एटीमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलरमधला अ‍ॅनालॉग-डिजिटल रूपांतरक, म्हणजे व्होल्टेजचा आकडा बनवणारा भाग, १० बिटांचा आहे. तो ० ते ५ व्होल्ट या पट्ट्याचे १०२४ भाग करतो आणि त्यातला एक भाग सुमारे ४.८८ मिलिव्होल्टचा येतो. म्हणजेच एलएम३५च्या आकड्यातली सर्वांत लहान पायरी जवळपास अर्ध्या अंशाची होते. शिवाय हे ५ व्होल्ट यूएसबीमधून येत असतील तर ते नेमके ५ असतातच असे नाही. प्रत्यक्ष व्होल्टेज ४.७५ असेल आणि प्रोग्राम ५ धरून चालला असेल, तर २५ अंशाच्या खोलीत आकडा सुमारे १.३ अंशाने जास्त दिसेल, आणि सेन्सर बदलला तरी ही चूक तशीच राहील, कारण ती सेन्सरची नाहीच. यावर उपाय आहे: रूपांतरकासाठी मायक्रोकंट्रोलरच्या आतला १.१ व्होल्टचा संदर्भ निवडावा, म्हणजे एक पायरी साधारण एक दशांश अंशाची होते. परंतु हा आतला संदर्भही प्रत्येक चिपमध्ये १.० ते १.२ व्होल्टच्या दरम्यान कुठेही असू शकतो. त्यामुळे तो एआरईएफ या संदर्भ-व्होल्टेजच्या पिनवर मल्टिमीटरने मोजून तोच आकडा प्रोग्राममध्ये लिहावा लागतो.

तिसरा डीएस१८बी२०, आणि या लेखातला तापमापक त्यावरच आधारलेला आहे. तापमान मोजणे आणि त्याचा अंकात रूपांतर झालेला आकडा तयार करणे ही दोन्ही कामे तो स्वतःच्या पोटात करतो आणि तयार आकडा एका तारेवरून मायक्रोकंट्रोलरकडे पाठवतो. पुरवठ्याचे व्होल्टेज ३.० ते ५.५ यांमध्ये कुठेही असले तरी त्याला चालते. त्याचा पल्ला उणे ५५ ते अधिक १२५ अंशांचा आहे, उणे १० ते ८५ अंशांपर्यंत त्याची चूक अर्ध्या अंशाच्या आत राहते असे निर्माता सांगतो, आणि १२ बिटांच्या मांडणीत त्याची सर्वांत लहान पायरी ०.०६२५ अंशाची असते. पायरी आणि चूक या दोन आकड्यांतला फरक लक्षात ठेवावा: पायरी चुकीच्या आठपट बारीक आहे. त्यामुळे हा सेन्सर तापमानातला बदल फार बारकाईने दाखवतो, पण प्रत्यक्ष तापमान त्याच बारकाईने सांगतो असे म्हणता येत नाही. बाजारात या सेन्सरच्या नकला पुष्कळ फिरत असतात आणि त्या सगळ्याच या मर्यादेत बसत नाहीत, हे पुढे दिलेली तपासणी करण्याचे आणखी एक कारण.

लागणारे साहित्य

आर्डुइनो उनो किंवा तत्सम बोर्ड, पोलादी टोपणात बंद केलेला जलरोधक डीएस१८बी२०, ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर, १६ बाय २ अक्षरांचा एलसीडी, १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर, २२० ओहमचा एक रेझिस्टर, १०० नॅनोफॅरडचा एक सिरॅमिक कपॅसिटर, ब्रेडबोर्ड, जंपर वायर आणि यूएसबी केबल एवढे पुरेसे आहे. मल्टिमीटर जवळ असेल तर काम बरेच सोपे होते. एलसीडी घेताना तो एचडी४४७८० या नियंत्रकाशी सुसंगत असल्याची खात्री करावी. या आकाराचे बहुतेक पडदे तसेच असतात.

जोडणी

सर्व जोडण्या यूएसबी केबल काढून ठेवून कराव्यात. आधी सेन्सर जोडावा आणि त्याचा आकडा संगणकावर दिसू लागल्यावरच पडद्याला हात घालावा, कारण दोन्ही एकदम जोडले आणि काहीच दिसले नाही तर दोष नक्की कुठे आहे हे शोधणे अवघड जाते.

डीएस१८बी२०ला तीन तारा असतात. जलरोधक प्रकारात बहुधा लाल तार पुरवठ्याची, काळी ग्राउंडची आणि पिवळी माहितीची असते, पण रंगांची ही पद्धत सर्वच उत्पादक पाळत नाहीत, म्हणून सोबतची माहिती पाहावी. ट्रान्झिस्टरसारख्या दिसणाऱ्या सुट्या सेन्सरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली ठेवले, तर डावीकडचा पाय ग्राउंड, मधला माहितीचा आणि उजवीकडचा पुरवठ्याचा असतो. हे दोन कडेचे पाय उलटे जोडले गेले तर काही सेकंदांत सेन्सर बोट टेकवता येणार नाही इतका तापतो. म्हणून केबल पहिल्यांदा लावल्यावर लगेच सेन्सरला हलकेच बोट लावून पाहावे आणि तो गरम लागला तर तत्काळ केबल काढावी. वेळीच काढली तर तो पुष्कळदा वाचतो.

ग्राउंडची तार बोर्डाच्या ग्राउंडला, पुरवठ्याची ५ व्होल्टला आणि माहितीची डिजिटल पिन ७ला जोडावी. त्यानंतर माहितीची तार आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावावा. त्यावरचे पहिले तीन पट्टे पिवळा, जांभळा आणि लाल असे असतात. हा रेझिस्टर राहून गेला तर बाकी सगळे बरोबर असूनही सेन्सर सापडत नाही. १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर पुरवठा आणि ग्राउंड यांच्यामध्ये, शक्य तितका सेन्सरजवळ लावावा.

या सेन्सरला पुरवठ्याची तार न देता माहितीच्या तारेतूनच वीज घेऊन चालवण्याचीही सोय आहे. दोनच तारांत काम भागते म्हणून ती आकर्षक वाटते, परंतु मापन चालू असताना सेन्सरला लागणारा प्रवाह ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरमधून पुरेसा मिळत नाही, त्यासाठी वेगळी व्यवस्था करावी लागते, आणि १०० अंशांच्या वर ती पद्धत टाळावी असे निर्माताच सांगतो. तिसरी तार ओढणे शक्य असेल तिथे ती ओढावीच.

पडद्याच्या १६ पिना डावीकडून मोजाव्यात. पहिली ग्राउंडला, दुसरी ५ व्होल्टला आणि तिसरी पोटेन्शिओमीटरच्या मधल्या टोकाला जोडावी; पोटेन्शिओमीटरची कडेची दोन टोके ५ व्होल्ट आणि ग्राउंडला द्यावीत. चौथी, म्हणजे आरएस, बोर्डाच्या पिन १२ला. पाचवी, म्हणजे आरडब्ल्यू, ग्राउंडला. सहावी, म्हणजे ई, पिन ११ला जोडावी. सातवी ते दहावी या चार पिना मोकळ्या सोडाव्यात, कारण पडदा ४ बिटांच्या पद्धतीने चालवायचा आहे. अकरावी ते चौदावी या पिना अनुक्रमे बोर्डाच्या ५, ४, ३ आणि २ या पिनांना जोडाव्यात. पंधरावी पिन २२० ओहमच्या रेझिस्टरमार्फत ५ व्होल्टला आणि सोळावी ग्राउंडला जोडली की मागचा दिवा लागतो. पडदा उजळला पण अक्षरे दिसत नाहीत, किंवा वरच्या ओळीत नुसते भरीव चौकोन दिसतात, अशी तक्रार असेल तर प्रोग्रामला दोष देण्याआधी पोटेन्शिओमीटर सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावा.

एका तारेवर संभाषण कसे चालते

तयार लायब्ररी (आधीच लिहून ठेवलेला प्रोग्रामचा भाग) वापरायची असली, तरी आत काय घडते हे माहीत असलेला माणूस बिघाड फार लवकर शोधतो, म्हणून हा भाग वगळू नये.

माहितीची तार रेझिस्टरमुळे एरवी ५ व्होल्टवर असते. मायक्रोकंट्रोलर किंवा सेन्सर यांपैकी कोणीही ती फक्त खाली, म्हणजे ग्राउंडपर्यंत, खेचू शकतो. वर नेण्याचे काम नेहमी रेझिस्टरच करतो. संभाषणाची सुरुवात मायक्रोकंट्रोलर तार किमान ४८० मायक्रोसेकंद खाली धरून करतो आणि मग सोडून देतो. तारेवर सेन्सर जिवंत असेल तर तो १५ ते ६० मायक्रोसेकंद थांबतो आणि नंतर स्वतः तार ६० ते २४० मायक्रोसेकंद खाली खेचून आपण हजर असल्याचे कळवतो. ही हजेरी मिळाली नाही तर पुढे जाण्यात अर्थ नाही. तार तुटलेली आहे, रेझिस्टर लावलेला नाही किंवा पाय उलटे आहेत.

यानंतर बिट एकेक करून जातात, प्रत्येक बाइटमधला सर्वांत लहान बिट आधी. शून्य पाठवायचे असेल तर मायक्रोकंट्रोलर तार सुमारे ६० मायक्रोसेकंद खाली धरतो, आणि एक पाठवायचा असेल तर १५ मायक्रोसेकंदांच्या आत सोडून देतो. सेन्सरकडून बिट वाचताना मायक्रोकंट्रोलर तार क्षणभर खाली खेचून सोडतो आणि सुरुवातीपासून १५ मायक्रोसेकंद उलटण्याच्या आत तार वर आहे की खाली हे पाहतो. सगळा व्यवहार वेळेच्या अशा बारीक हिशोबावर चालत असल्यामुळे त्या दरम्यान प्रोग्राममधल्या दुसऱ्या एखाद्या इंटरप्टने (चालू काम थांबवून चालणाऱ्या तातडीच्या कामाने) मध्येच वेळ घेतला तर वाचलेला बिट चुकतो. एरवी नीट चालणारा तापमापक मध्येच एखादा विचित्र आकडा दाखवत असेल, तर संशयाची पहिली जागा हीच.

मायक्रोकंट्रोलर तीन आज्ञा वापरतो. तारेवर एकच सेन्सर असेल तर पत्ता न सांगता थेट बोलण्याची आज्ञा हेक्साडेसिमल सीसी ही आहे. तापमान मोजायला सांगणारी आज्ञा ४४ आणि मोजलेला आकडा वाचण्याची आज्ञा बीई, याही हेक्साडेसिमलमध्येच. मोजायला सांगितल्यावर १२ बिटांच्या मांडणीत सेन्सरला जास्तीत जास्त ७५० मिलिसेकंद लागतात. वाचन केल्यावर ९ बाइट मिळतात: पहिल्या दोन बाइटांत तापमान असते, पाचव्यात मांडणीची नोंद असते आणि नववा बाइट आधीच्या आठ बाइटांची पडताळणी करण्यासाठी असतो. हा पडताळणीचा बाइट जुळला नाही तर ते वाचन सरळ टाकून द्यावे.

तापमानाचे दोन बाइट एकत्र केले की १६ बिटांची चिन्हांकित संख्या मिळते, आणि तिला १६ने भागले की अंश सेल्सिअस मिळतात. ४०१ ही संख्या आली तर तापमान २५.०६२५ अंश. शून्याखालचे तापमान दोनच्या पूरक पद्धतीने येते: ६५३७४ अशी संख्या दिसली तर ती ६५५३६मधून वजा करावी, १६२ उरतात, त्यांना १६ने भागावे आणि उणे चिन्ह द्यावे, म्हणजे उणे १०.१२५ अंश. आर्डुइनो उनोवर १६ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात ही संख्या ठेवली तर हे आपोआप होते. ३२ बिटांच्या बोर्डावर मात्र साधा पूर्णांक मोठा असल्यामुळे १६ बिटांचा प्रकार मुद्दाम सांगावा लागतो, नाहीतर गोठणबिंदूखाली जाताच पडद्यावर चार हजारांच्या आसपासचे अंश दिसू लागतात.

प्रोग्राम

आर्डुइनोच्या प्रोग्रामलेखनाच्या साधनात लायब्ररी व्यवस्थापकातून वनवायर आणि डॅलसटेम्परेचर या दोन लायब्ररी घ्याव्यात. पडद्यासाठीची लिक्विडक्रिस्टल लायब्ररी बहुधा आधीच असते. प्रोग्रामची रचना अशी असावी.

सर्वांत वर तिन्ही लायब्ररींचा समावेश करून सेन्सरसाठी पिन ७ आणि पडद्यासाठी १२, ११, ५, ४, ३, २ या पिना याच क्रमाने जाहीर कराव्यात. एकदाच चालणाऱ्या भागात सिरियल संपर्क (संगणकाशी यूएसबीतून होणारे संभाषण) ९६०० या वेगाने सुरू करावा, सेन्सर सुरू करावा, त्याची मांडणी १२ बिटांची करावी, आणि लायब्ररीला मापन पूर्ण होईपर्यंत थांबून न राहण्याची सूचना द्यावी. मग पडदा १६ स्तंभ आणि २ ओळींचा असल्याचे सांगून सुरू करावा आणि पहिले मापन सुरू करण्याची आज्ञा देऊन त्या क्षणाची वेळ एका चलात नोंदवावी.

पुन्हापुन्हा चालणाऱ्या भागात प्रत्येक फेरीत एवढेच पाहावे, की आज्ञा दिल्यापासून ७५० मिलिसेकंद झाले का. झाले नसतील तर काहीही न करता पुढे जावे. झाले असतील आणि या मापनाचा आकडा अजून वाचलेला नसेल, तर तो वाचावा, तपासावा आणि दाखवावा. आज्ञेला १० सेकंद झाले की नवी आज्ञा देऊन वेळेची नोंद नव्याने करावी. ७५० मिलिसेकंद नुसते थांबून राहण्यापेक्षा ही पद्धत चांगली, कारण पुढे एखादे बटण, दुसरा सेन्सर किंवा धोक्याची घंटा जोडली तर त्यांना दर फेरीत वेळ मिळतो. १० सेकंदांचे अंतर मुद्दाम ठेवलेले आहे: मापन करताना सेन्सरला साधारण १ मिलिअँपिअर प्रवाह लागतो आणि विश्रांतीत तो जवळपास काहीच घेत नाही, म्हणून सतत मोजत राहिले तर सेन्सर स्वतःच्याच उष्णतेने किंचित तापतो, आणि खोलीचे तापमान तसेही दर सेकंदाला बदलत नसते.

वाचलेला आकडा पडद्यावर नेण्याआधी दोन संख्यांकडे लक्ष द्यावे. उणे १२७ आले तर त्याचा अर्थ लायब्ररीला सेन्सरकडून उत्तर मिळाले नाही असा होतो. तिथे पडद्यावर तापमान न दाखवता सेन्सर तुटल्याचा संदेश दाखवावा. दुसरी संख्या ८५. वीज मिळाल्यावर पहिले मापन होईपर्यंत सेन्सरच्या आत ८५ अंश हीच संख्या असते, त्यामुळे मापन पूर्ण होण्याआधीच वाचले किंवा मध्येच सेन्सरची वीज क्षणभर गेली, तर ८५ दिसते. पण ८५ हे खरे तापमानही असू शकते, म्हणून प्रत्येक ८५ आंधळेपणाने टाकून देऊ नये. आधीचा आकडा ८४च्या किंवा ८६च्या आसपास असेल तर तो स्वीकारावा, आणि आधीचा आकडा २७ असेल तर तो टाकून मापन पुन्हा करावे.

आता पडद्यावर आकडा लिहिण्याचा भाग, ज्यात एक चूक इतक्या प्रोग्रामांत सापडते की ती जवळून पाहायला हवी. जागा वाचवण्यासाठी काही जण दशांश संख्या न वापरता सेन्सरच्या मूळ संख्येला १६ने पूर्णांक भागाकार करून पूर्ण अंश काढतात आणि उरलेल्या बाकीवरून दशांश भाग काढतात. मूळ संख्या उणे ८ असेल, म्हणजे तापमान उणे ०.५ असेल, तर पूर्णांक भागाकाराचे उत्तर शून्य येते. शून्याला चिन्ह नसते. दशांश भाग काढताना उणे चिन्ह बाजूला ठेवलेले असते, आणि पडद्यावर ०.५ उमटते. म्हणजे नेमका गोठणबिंदूच्या खालचा एक अंश उलटा दिसतो, आणि शीतकपाटासाठी किंवा रोपांना थंडीपासून जपण्यासाठी तापमापक बांधला असेल तर हाच एक अंश सर्वांत महत्त्वाचा असतो. उपाय सोपा आहे: आधी मूळ संख्या शून्यापेक्षा लहान आहे का ते पाहावे, असेल तर उणे चिन्ह लिहावे, संख्या धन करून घ्यावी आणि मग भागाकार करावा. प्रोग्राम तपासताना उणे ८, उणे १, ०, ८ आणि उणे १६२ या मूळ संख्या हाताने भरून प्रत्येक वेळी पडद्यावर काय येते ते पाहावे.

दशांशचिन्हापुढे एकच अंक दाखवावा. त्यातही तापमान दोन आकड्यांच्या सीमेवर असेल तर पडदा २७.२ आणि २७.३ असा हेलकावत राहतो. त्यासाठी नवा आकडा आधी दाखवलेल्या आकड्यापेक्षा ०.१ अंश किंवा अधिक वेगळा असेल तरच पडदा बदलावा. प्रत्येक वेळी पडदा संपूर्ण पुसून पुन्हा लिहिल्यास तो लुकलुकतो. कर्सर ओळीच्या सुरुवातीला नेऊन नवा मजकूर जुन्यावर लिहावा आणि शेवटी दोन-तीन रिकाम्या जागा सोडाव्यात, म्हणजे १०.२वरून ९.८ झाल्यावर जुना अंक मागे राहत नाही. अंशाचे छोटे वर्तुळ बहुतेक पडद्यांत २२३ क्रमांकाच्या अक्षराने उमटते. वेगळेच चिन्ह उमटले तर ५ बाय ८ ठिपक्यांचे स्वतःचे चिन्ह तयार करता येते. अशी आठ चिन्हे पडद्याच्या स्मृतीत मावतात.

सेन्सर कुठे ठेवावा

कोणताही तापमापक शेवटी स्वतःच्या सेन्सरचेच तापमान सांगतो. तो सेन्सर आणि आपल्याला हवी असलेली वस्तू एकाच तापमानाला आणणे हे बांधणाऱ्याचे काम आहे. हवेचे तापमान मोजायचे असेल तर सेन्सर उन्हापासून, दिव्यापासून आणि तापलेल्या भिंतीपासून दूर, सावलीत आणि हवा खेळती राहील असा लटकता ठेवावा. ऊन लागलेले पोलादी टोपण हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते आणि सेन्सर प्रामाणिकपणे त्या टोपणाचे तापमान सांगतो. बोर्डावरचा व्होल्टेज रेग्युलेटर आणि पडद्याचा दिवा दोन्ही उष्णता सोडतात, म्हणून सेन्सर बोर्डाच्या डबीत कधीही बंद करू नये. निदान हातभर तार तरी बाहेर ठेवावी.

पाण्यात किंवा थंड पेटीत सेन्सर ठेवताना केवळ टोक बुडवू नये. तारेतले तांबे बाहेरची उष्णता आत वाहून आणते, त्यामुळे टोपण संपूर्ण आणि त्यामागची काही सेंटिमीटर तारही मोजायच्या जागेत असावी.

आकडा स्थिर व्हायला किती वेळ लागतो हे एकदा मोजून ठेवावे. सेन्सर मुठीत धरून गरम करावा, मग सोडून द्यावा आणि सिरियल मॉनिटरवर उतरणारे आकडे पाहावेत. सुरुवातीच्या फरकापैकी सुमारे ६३ टक्के फरक भरून निघायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या पाचपट वेळानंतर ९९ टक्क्यांहून अधिक फरक भरून निघालेला असतो. स्थिर हवेत पोलादी टोपणाला यासाठी काही मिनिटे लागतात आणि ढवळत्या पाण्यात त्याहून पुष्कळ कमी.

आकडा तपासणे

तपासणीसाठी सर्वांत भरवशाचा आणि सर्वांना उपलब्ध असलेला बिंदू म्हणजे वितळणाऱ्या बर्फाचा. शुद्ध, शक्यतो ऊर्ध्वपातित पाण्याचा बर्फ बारीक कुटून थर्मासमध्ये ठासून भरावा आणि फटी भरतील इतकेच थंड पाणी वर ओतावे. बर्फ तळापर्यंत असायला हवा. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असते. वर बर्फ तरंगत असेल आणि खाली नुसते पाणी असेल, तर तळाशी ४ अंशांपर्यंतचे पाणी साचू शकते, आणि सेन्सर तिथे टेकला की तपासणीच चुकते. सेन्सर भांड्याच्या भिंतीला किंवा तळाला न लावता बर्फाच्या मधोमध रोवावा, मधूनमधून हलवावे, आणि आकडा काही मिनिटे बदललेला नाही असे दिसल्यावरच नोंदवावा.

दुसरा बिंदू म्हणून उकळत्या पाण्याचे नाव लगेच पुढे येते, पण तो वाटतो तितका स्थिर नाही. अँडर्स सेल्सिअसने १७४२मध्ये आपली मोजपट्टी मांडली तेव्हाच पाण्याचा उत्कलनबिंदू हवेच्या दाबाप्रमाणे बदलतो हे त्याने दाखवले होते. त्याच्या मूळ पट्टीत उकळते पाणी ० आणि गोठणारे १०० होते, आणि पट्टी पुढे उलटवली गेली. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर वर गेल्यावर उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो, म्हणून आपल्या जागेची उंची आणि त्या दिवशीचा हवेचा दाब विचारात घेतल्याशिवाय १०० हा आकडा गृहीत धरता येत नाही. त्यातही ८५ अंशांच्या वर सेन्सरचीच चूक वाढत जाते. तापमापक ० ते ५० अंशांतच वापरायचा असेल, तर माझ्या मते उकळत्या पाण्याच्या भानगडीत न पडता ४० अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्यात, विश्वासार्ह प्रमाणित तापमापकाशेजारी सेन्सर धरून आणि पाणी सतत ढवळत राहून तुलना करणे जास्त योग्य आहे. दोन्ही टोके एकमेकांना जवळजवळ चिकटून असावीत.

समजा, बर्फात सेन्सरने ०.३१२५ दाखवले आणि प्रमाणित तापमापक ४०.० सांगत असताना सेन्सरने ३९.९३७५ दाखवले. सेन्सरच्या मते दोन्ही बिंदूंमधले अंतर ३९.६२५ अंश आहे, प्रत्यक्षात ते ४० आहे, ४०ला ३९.६२५ने भागले की १.००९५ हा गुणक मिळतो. यापुढे प्रत्येक वाचनातून आधी ०.३१२५ वजा करावेत आणि मग या गुणकाने गुणावे. सेन्सरने २५ दाखवले तर दुरुस्त आकडा २४.९२ येतो आणि पडद्यावर २४.९ दिसतो. ही दुरुस्ती या दोन बिंदूंच्या दरम्यानच खात्रीने लागू आहे. ती उणे २० किंवा ९० अंशांवर ताणू नये.

प्रत्येक डीएस१८बी२०मध्ये ६४ बिटांचा स्वतंत्र क्रमांक कोरलेला असतो. दुरुस्तीचे दोन्ही आकडे प्रोग्राममध्ये लिहिताना त्यासोबत हा क्रमांकही लिहावा आणि सुरू होताना जोडलेल्या सेन्सरचा क्रमांक त्याच्याशी ताडून पाहावा. सेन्सर बदलला गेला आणि दुरुस्ती जुन्याचीच राहिली, तर तपासणी न केल्याहून वाईट परिणाम होतो, कारण आता आकड्यावर भरवसा बसलेला असतो.

पक्की जोडणी आणि पुढचे सेन्सर

ब्रेडबोर्डवरच्या जोडण्या कालांतराने सैल होतात, म्हणून सगळे नीट चालू लागल्यावर ते छिद्रांच्या पाटीवर डाग देऊन पक्के करावे. सेन्सरच्या तारांचे प्रत्येक सोल्डर वेगवेगळ्या हीट श्रिंक नळीत बंद करावे आणि वरून एक मोठी नळी चढवावी. तारेवर ताण आला तरी तो सोल्डरवर येऊ नये यासाठी डबीच्या भोकापाशी तार बांधून घ्यावी. जलरोधक म्हणून मिळणाऱ्या टोपणाचे तोंड कधीकधी नीट बंद केलेले नसते, तेव्हा कायम पाण्यात ठेवण्याआधी ते इपॉक्सीने भरून घेणे शहाणपणाचे ठरते.

त्या ६४ बिटांच्या क्रमांकामुळे एकाच तारेवर अनेक सेन्सर बसू शकतात आणि ४.७ किलोओहमचा रेझिस्टर सगळ्यांत मिळून एकच पुरतो. अशा वेळी मापनाची आज्ञा सगळ्यांना एकदम देता येते आणि वाचन मात्र एकेकाला क्रमांकाने हाक मारून करावे लागते. तारांची मांडणी एका लांब ओळीत करावी आणि प्रत्येक सेन्सर त्या ओळीला आखूड फाट्याने जोडावा. एका मध्यबिंदूपासून चहूकडे लांब तारा फाकवल्या तर प्रत्येक टोकाकडून परतणारे संकेत एकमेकांत मिसळतात आणि वाचने चुकू लागतात. बसवण्याआधी एकेक सेन्सर एकटा जोडून त्याचा क्रमांक वाचावा, बर्फात तपासावा आणि क्रमांकाचे शेवटचे काही अंक लिहिलेली चिठ्ठी त्याच्या तारेला चिकटवावी, कारण एकदा सगळे तारेवर चढले की बाहेरून पाहून कोणता कोणता हे ओळखता येत नाही.